हे पुस्तक कोणाचे? : ग्रंथमुद्रेच्या कलेविषयी काही विचार

१

पुस्तक कोणी लिहिले हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. ते कोणी छापले हेही पाहतो. पण ते पुस्तक कोणाचे आहे, म्हणजे ते कोणाच्या घरात, कोणाच्या फळीवर, कोणाच्या हातात राहणार आहे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ होते, त्यांना तो विचारण्याचे कारणच नव्हते. ज्यांच्या घरात पुस्तक शिरायला शतकानुशतके लागली, त्यांना मात्र हा प्रश्न ओलांडून पुढे जाता येणार नाही.

या प्रश्नाला उत्तर देणारी एक स्वतंत्र चित्रकला युरोपात पाचशे वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक लहानसा छापील कागद चिकटवायचा. त्यावर मालकाचे नाव, एखादे चिन्ह, कधी एखादे वचन. इंग्रजीत त्याला बुकप्लेट म्हणतात. त्यावर बहुधा 'एक्स लिब्रिस' हे दोन लॅटिन शब्द असतात. त्यांचा अर्थ, 'अमक्याच्या ग्रंथांपैकी'. या लेखात मी तिला 'ग्रंथमुद्रा' म्हणेन. आकाराने ही कला तळहातात मावेल एवढी आहे. पण एवढ्याशा कागदावर मालकी, कुळ, विद्या आणि सत्ता यांचे नाते जितके उघडपणे छापलेले दिसते, तितके ते मोठमोठ्या तैलचित्रांतही दिसत नाही. म्हणून ती कोणाची हौस आहे असे म्हणून सोडून देऊ नये, असे माझे म्हणणे आहे.

कलेचा इतिहास शिकवताना आपल्याला 'रेषा पाहा, छाया पाहा, तोल पाहा' असे सांगितले जाते. ते पाहावेच. पण रेषा कोणाच्या नावाभोवती काढली आहे आणि कोणाला त्या रेषेबाहेर ठेवले आहे, हेही पाहावयास हवे. दलित साहित्याने शब्दाच्या बाबतीत हा आग्रह धरला. चित्राच्या बाबतीत तो धरणे अजून बाकी आहे.

२

अगदी आरंभीच्या ज्ञात छापील ग्रंथमुद्रा पंधराव्या शतकातल्या जर्मनीतील आहेत. त्यांतली एक फार प्रसिद्ध आहे. साधारण १४८० च्या सुमाराची, लाकडी ठशाने छापून हाताने रंगवलेली. एका देवदूताने ढाल धरली आहे आणि ढालीवर वेसण घातलेला बैल आहे. हे बीबेराख गावच्या हिल्डेब्रांड ब्रांडेनबर्ग याचे कुलचिन्ह. त्याने आपली पुस्तके बुक्सहाइम येथील मठाला दिली आणि दिलेल्या पुस्तकांवर ही मुद्रा लावलेली आहे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे. ज्या मुद्रेपासून या कलेचा इतिहास सांगितला जातो, ती 'माझे' म्हणणारी असूनही दानाची आहे.

त्यानंतर वीसेक वर्षांनी अल्ब्रेख्त ड्युरर या थोर चित्रकाराने आपला मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर याच्यासाठी ग्रंथमुद्रा काढली. तीवर 'स्वतःसाठी आणि मित्रांसाठी' अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. फ्रान्समधील ज्याँ ग्रोलिए यानेही आपल्या पुस्तकांच्या बांधणीवर 'ग्रोलिए आणि त्याचे मित्र यांचे' असे कोरून घेतले होते. हे औदार्य खरेच होते. पण हे मित्र कोण? त्याच वर्गातले, तीच लॅटिन जाणणारे. औदार्याचे वर्तुळ काढले की त्याचा परीघही निघतो.

त्या काळी पुस्तक ही किती दुर्मीळ वस्तू होती याची साक्ष इंग्लंडातील हिअरफर्डच्या चर्चमध्ये आजही मिळते. तेथे फळीवरच्या पुस्तकांना लोखंडी साखळ्या आहेत. वाचा, पण उचलून नेऊ नका. छपाई वाढली, पुस्तके स्वस्त झाली आणि साखळी गळून पडली. तिच्या जागी कागदाची मुद्रा राहिली. ग्रंथमुद्रा ही एका अर्थाने कागदाची साखळीच होय.

पुढची तीनेकशे वर्षे ही मुद्रा मुख्यतः कुलचिन्हाची राहिली. ढाल, शिरस्त्राण, सिंह, गरुड, वंशाचे ब्रीद. चित्रकाराने नवे काही शोधायचे नव्हते. कुळाने जे आधीच ठरवून ठेवले ते तांब्यावर कोरायचे होते. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने रेषा कोरतात, त्या खाचेत शाई भरतात, वरचा पत्रा पुसून घेतात आणि ओलसर कागद दाबून खाचेतली शाई उचलतात. त्यामुळे ती रेषा केसासारखी बारीक निघते. लाकडी ठशात याच्या उलट असते. जे छापायचे नाही ते खोदून काढायचे आणि उरलेल्या उंचवट्याला शाई लावायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या थॉमस ब्युइकने लाकडाच्या आडव्या छेदावर, म्हणजे जिथे तंतू उभे येतात त्या कठीण पृष्ठावर, तांब्याची हत्यारे चालवून नवी वाट काढली. त्याच्या ग्रंथमुद्रांत झाड, दगड, ओढा, पडकी भिंत आली आणि नाव त्या दगडावर कोरल्यासारखे आले. कुलचिन्हाची जागा भूमीने घेतली. हा कलेतला मोठा बदल होता, आणि तो एका कारागिराने घडवला, हे नमूद करणे आवश्यक आहे.

अमेरिकेत राजा नाकारला गेला, तरी कुलचिन्हाची हौस गेली नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या पुस्तकांवर घराण्याचे चिन्ह असलेली मुद्रा होती. क्रांतीत भाग घेणारा पॉल रिव्हिअर हा चांदीचा कारागीर अशा मुद्रा कोरून देत असे. राज्यक्रांती झाली म्हणजे मनातली उतरंड मोडतेच असे नाही, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. आपल्याकडे तर राज्यघटनाही झाली.

३

मुंबईशी संबंध असलेली एक ग्रंथमुद्रा येथे विचारात घेतली पाहिजे. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवण्यासाठी आला आणि १८७५ पर्यंत येथे राहिला. त्याचा मुलगा रुडयार्ड मुंबईतच जन्मला. या मुलासाठी बापाने पुढे ग्रंथमुद्रा काढली. तीत हत्ती आहे, हत्तीवर हौदा आहे आणि हौद्यात एक माणूस निवांत पुस्तक वाचतो आहे. पुढे माहूत बसला आहे.

चित्र देखणे आहे, हे मान्य करावयास हवे. हत्तीच्या कातडीच्या सुरकुत्या, झूल, हौद्याची बैठक, सगळे जाणत्या हाताने काढलेले आहे. लॉकवुड किपलिंगने येथील कारागिरांचे काम बारकाईने पाहिले होते आणि त्याला त्याविषयी आदरही होता. पण हे चित्र पाहताना माझी नजर हौद्यावरून खाली घसरते. वाचणारा वर आहे आणि हाकणारा पुढे, जनावराच्या मानेवर. वाचणाऱ्याला रस्ता पाहावा लागत नाही, कारण रस्ता पाहणारा दुसरा आहे. वाचनाला लागणारी सवड कोठून येते याचे इतके प्रामाणिक चित्र दुसरे दाखवता येणार नाही. चित्रकाराला ते दाखवायचे होते असे मी म्हणत नाही. त्याला ते स्वाभाविक वाटले, आणि स्वाभाविक वाटणे हीच तर प्रस्थापित कलेची खूण असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मुद्रा जमवण्याचा छंद वाढला. १८८० मध्ये लंडनमध्ये त्यांच्या अभ्यासावर ग्रंथ निघाला, पुढे दहाएक वर्षांत संग्राहकांची संस्था निघाली. सर ऑगस्टस फ्रँक्स याने जमवलेला हजारो मुद्रांचा संग्रह १८९७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला. विसाव्या शतकात मध्य आणि पूर्व युरोपात ही कला सरदारांच्या हातून सुटून शिक्षक, डॉक्टर, कामगार यांच्यापर्यंत आली. १९६६ मध्ये अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. मुद्रेच्या मागे तंत्राची सांकेतिक अक्षरे लिहिण्याची पद्धत रूढ झाली. उंचवट्याच्या छपाईला 'एक्स', खोलगट छपाईला 'सी', शिळाछापाला 'एल'. लाकडी ठसा असेल तर 'एक्स १', लिनोलियमचा ठसा असेल तर 'एक्स ३'.

या टप्प्यावर मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. संग्राहक एकमेकांशी मुद्रांची देवाणघेवाण करू लागले आणि त्यांतल्या पुष्कळ मुद्रा कोणत्याही पुस्तकाला कधी चिकटल्याच नाहीत. पुस्तकासाठी जन्मलेली कला पुस्तकापासून तुटली. ती सुंदर झाली, तिच्यात नाना प्रयोग झाले. पण 'हे पुस्तक कोणाचे' या प्रश्नाचे ओझे तिने खाली ठेवले. कलेला कलेपुरतेच ठेवा, असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

४

आता आपल्या भूमीकडे वळू. छापखाना येण्यापूर्वी आपल्याकडे पोथी होती आणि पोथीच्या शेवटी लेखनिकाने घातलेले श्लोक असत. त्यांतल्या एका सर्वपरिचित श्लोकात पोथीच बोलते. तेलापासून मला जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नका, असे ती सांगते. तेल आणि पाणी यांच्याबद्दल आपली तक्रार नाही. प्रश्न चौथ्या सूचनेचा आहे. मूर्ख कोण हे ठरवणार कोण? ज्या समाजात जन्मावरून मूर्ख आणि शहाणे ठरवून टाकलेले होते, त्या समाजात ही निरुपद्रवी सूचना कुलुपासारखी काम करते. युरोपातील साखळी लोखंडाची होती, दिसत होती. ही साखळी श्लोकाची होती आणि पाठ केली जात होती.

मग ज्यांच्या हाती पोथी दिली नाही त्यांची मुद्रा कोणती? ती जुन्या महजरांत सापडते. गावचा तंटा निवडताना जो कागद होई, त्यावर पाटील, बलुतेदार यांची साक्ष घेत. ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी काढी. पाटलाच्या नावापुढे नांगर, आणि सुतार, लोहार, न्हावी यांच्या नावापुढे त्यांच्या त्यांच्या धंद्याचे हत्यार. आमच्या लोकांची पहिली रेखाचित्रे कोणती, असे मला कोणी विचारले तर मी या निशाण्यांकडे बोट दाखवीन. चार-पाच रेषांत काढलेले हे हत्यार सरदाराच्या ढालीवरच्या सिंहापेक्षा खरे असते. सिंह त्या सरदाराने कधी पाहिलेलाही नसे; किकरे सुताराच्या हातात रोज असे. पण या निशाणीची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ती माणसाला त्याच्या जातीच्या धंद्यात कायमचे खिळून ठेवीत होती. तुझे नाव म्हणजे तुझे हत्यार, आणि तुझ्या मुलाचेही तेच.

आणि काही खुणा तर माणसाने काढलेल्या नव्हत्या. त्याच्यावर लादलेल्या होत्या. पेशवाईत अस्पृश्यांना ओळखता यावे म्हणून मनगटात वा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, याचा उल्लेख बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या निबंधात केला आहे. म्हणजे खुणा दोन जातींच्या असतात. एक माणूस आपणहून करतो, दुसरी त्याच्यावर केली जाते. ग्रंथमुद्रेची समीक्षा या फरकापासून सुरू झाली पाहिजे.

इंग्रजी अमलात निशाणीच्या जागी अंगठा आला. माझ्या वडिलांनी आयुष्यभर अंगठा दिला. आई साक्षरतेच्या वर्गात सही शिकली, ती तीन अक्षरांची सही ती आजही जपून, ओठ मुडपून करते. निशाणी, अंगठा, सही आणि मग पुस्तकावरचे नाव, हा आमच्या घराण्याचा वंशवृक्ष आहे. यात सिंह नाही, गरुड नाही. पण एकेका पायरीला एकेक पिढी लागलेली आहे.

५

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, पुस्तकांचा इतिहास मोठा आहे. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे, राज्यातील जुन्या वाचनालयांपैकी एक. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच निघाले. मिस फॅरार यांची मुलींची शाळा येथलीच, जी पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरूंनी कैदेत असताना आपला भारतविषयक ग्रंथ लिहिला. 'बलुतं'चे लेखक दया पवार याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील धामणगावचे. पण १८३८ साली नगरला वाचनालय झाले आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये आला. मध्ये पंच्याऐंशी वर्षे आहेत. इतिहास लिहिताना ही पंच्याऐंशी वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची?

स्वातंत्र्यानंतर पुस्तक आमच्यापर्यंत आले ते सरकारी शिक्का लागून. १९६७ मध्ये महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळाले. दाखल क्रमांक, जांभळ्या शाईचा गोल शिक्का, मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी, ही आमच्या पिढीची ग्रंथमुद्रा होय. तिला कोणी कला म्हणणार नाही. पण त्या गोल शिक्क्यात कोणा एकाचे नाव नव्हते, ही गोष्ट मला लहानपणीही आवडत असे. जे कोणा एकाचे नाही ते आपलेही असू शकते.

महाविद्यालयात गेल्यावर दुसरा शिक्का भेटला. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी पुस्तक पेढीची योजना असते. वर्षभर क्रमिक पुस्तके वापरायची आणि परीक्षेनंतर परत करायची. योजना चांगली आहे. तिच्यावाचून माझी पदवी झाली नसती. मी शिकलो त्या महाविद्यालयात या पुस्तकांवर नेहमीच्या शिक्क्याखेरीज एक लांबट शिक्का असे. त्यावर 'मागासवर्गीय' हा शब्द सर्वांत ठळक अक्षरांत होता. तो मुखपृष्ठाच्या आत होता, पहिल्या पानावर होता आणि ग्रंथपाल ज्याला गुप्त पान म्हणतात त्या पानावरही होता. वर्गात पुस्तक उघडले की शेजारच्याला कळे. काही मुले त्या शिक्क्यावर कागद चिकटवीत. काही पुस्तक मांडीवर धरून वाचीत. एका मैत्रिणीने वर्षभर ती पुस्तके घरीच ठेवली आणि वर्गात वहीवर भागवले.

हिशेबासाठी एवढी ठळक अक्षरे लागत नाहीत. एक आकडा पुरतो. मग तो शब्द एवढा मोठा का? सरदाराच्या मुद्रेवरचे कुळ आणि या शिक्क्यावरची जात, दोन्ही जन्माचीच नोंद. एक अभिमानाने चिकटवलेली आणि दुसरी लाजेने झाकलेली. शिक्का करणाऱ्याच्या मनात दुष्टावा असेल असे मी मानत नाही. त्याने रबरी शिक्का बनवणाऱ्याला मजकूर दिला, त्याने तो जागेत बसवला. पण अक्षराचा आकार ठरवणे हाही एक निर्णय असतो, आणि आरेखनाची कला हे निर्णय घ्यायला शिकवते. आमच्या संस्थांनी ती कधी शिकून घेतली नाही.

६

बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाविषयी आपल्या पानांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यातल्या खुणांचा तेवढा विचार करू.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला. अध्यक्ष होते सी. के. बोले. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुस्तक हाती देणारा माणूस त्या पुस्तकाचा लेखकच होता, आणि एकोणपन्नास वर्षांनी नागपूरला काय घडले ते आपण जाणतो. १९१७ साली बाबासाहेब परत येत असता त्यांची पुस्तके ज्या जहाजावर होती ते महायुद्धात पाणतीरामुळे बुडाले. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन घेतलेले ग्रंथ समुद्रात गेले. त्याच वर्षी ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. हे तेच बडोदे, जेथे १९१० पासून सयाजीरावांनी अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांच्याकरवी सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले होते आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत होत्या. पुस्तकाला गावोगाव मुक्काम होता. कोलंबियातून शिकून आलेल्या माणसाला मात्र त्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले.

पुढे लंडनला ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसत. फ्रँक्सने जमवलेल्या त्या हजारो कुलचिन्हांच्या मुद्रा त्याच वास्तूत होत्या. वर कोठेतरी मालकीचे कागद आणि खाली हा कोणतेही कुलचिन्ह नसलेला वाचक. दादरला 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. पुढे त्यांतली बरीच पुस्तके सिद्धार्थ महाविद्यालयाला गेली आणि आजही तेथे आहेत. त्यांवर काय आढळते? सही. कधी गाव आणि तारीख. आणि पानोपानी रंगीत पेन्सिलीच्या रेघा. जॉन ड्युई यांच्या 'लोकशाही आणि शिक्षण' या ग्रंथाची त्यांची प्रत १९१७ मध्ये लंडनला घेतलेली आहे आणि तीत अशा खुणा आहेत.

माझ्या मते हीच बाबासाहेबांची ग्रंथमुद्रा होय. पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला कागद एवढेच सांगतो की पुस्तक विकत घेतले आहे. समासातली रेघ सांगते की ते वाचले आहे. पुस्तकावर मालकी पैशाने येते आणि अधिकार वाचनाने येतो, हा भेद या रेघांनी स्पष्ट केला. आणि स्वतः लिहिलेल्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर त्यांनी काय केले तेही पाहावे. १९४६ चा शूद्रांविषयीचा ग्रंथ जोतीराव फुले यांना अर्पण केला. १९४८ चा अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना. जोतीरावांनी तर १८७३ मध्येच 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. ज्या पानावर सरदार आपले कुळ छापीत असे, त्या पानाच्या शेजारी आपल्या लेखकांनी ऋणाची नोंद केली आहे. हा वंश रक्ताचा नाही, निवडलेला आहे.

७

आता ब्रांडेनबर्गच्या त्या दानमुद्रेकडे परत येऊ. पुस्तक देताना नाव लिहिण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. कार्ल्याच्या लेण्यात स्तंभांवर, दरवाजांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दरवाजा दिला. सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केले. नाव, गाव, धंदा, दिलेली वस्तू. एका ओळीत सगळे. पालकाळातल्या बौद्ध ताडपत्री पोथ्यांच्या शेवटीही असाच मजकूर येतो. ही पोथी अमक्याचे धर्मदान आहे. यातले पुण्य आचार्य, आईवडील यांच्यासह सर्व प्राणिमात्रांना श्रेष्ठ ज्ञान मिळण्यास कारण होवो, असा त्याचा भाव. एक पोथी सांगते, मला मूर्खाच्या हाती देऊ नका. दुसरी सांगते, मी सर्वांच्या ज्ञानासाठी आहे. दोन्ही याच भूमीतल्या. आपण कोणत्या पोथीचे वारस आहोत, हे आपण ठरवावयाचे आहे.

आणि आपल्या लोकांनी ते बरेचसे ठरवलेलेही आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तक विकत घेणारा माणूस तेथल्या तेथे पेन मागून घेतो आणि पहिल्या पानावर नाव, गाव, तारीख आणि 'चैत्यभूमी, दादर' असे लिहितो. मी हे अनेकदा पाहिले आहे. कुळ नाही, पदवी नाही. कोठे घेतले आणि केव्हा घेतले, एवढेच. कार्ल्याच्या त्या ओळीची बांधणी आणि या ओळीची बांधणी एकच आहे. वस्तीवरच्या विहारांतही आता लहान लहान वाचनालये आहेत. कोणी गेले की पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरचे लोक पाच-दहा पुस्तके विहाराला देतात. पहिल्या पानावर 'कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी चिठ्ठी असते. जिने आयुष्यात एक अक्षर वाचले नाही अशा आजीचे नाव तिच्या नातवंडांच्या हातातल्या पुस्तकावर असते. याहून मोठी ग्रंथमुद्रा मला ठाऊक नाही.

पण समीक्षा आपल्या लोकांचीही केली पाहिजे. अलीकडे दान मिळालेल्या पुस्तकांवर जे छापील कागद चिकटलेले येतात, ते पाहून मन खिन्न होते. चार रंगांत छापलेला पुढाऱ्याचा चेहरा, हात जोडलेले, खाली 'सौजन्य' आणि पदांची यादी. बाबासाहेबांचे चित्र कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढे. चौकातला फलक लहान करून पुस्तकात आणून चिकटवला आहे. काही वेळा तो लेखकाचे नाव झाकतो. हा हौद्यातला माणूस पुन्हा वर बसल्याचा प्रकार आहे. हत्ती तेवढा निळा रंगवला आहे. प्रस्थापितांची मुद्रा आपण नाकारायची आणि तिचाच साचा आपल्या माणसांसाठी वापरायचा, याला विद्रोह म्हणता येत नाही.

मग आपली मुद्रा कशी असावी? याचे उत्तर चित्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी शोधावयाचे आहे. मला सुचते ते एवढे. तंत्र लिनोलियमच्या ठशाचे असावे. लिनोलियमचा तुकडा, दोन-तीन कोरणी, थोडी शाई आणि कागदाच्या पाठीवर घासायला एक चमचा असला की छाप निघतो. छापखान्याचे यंत्र लागत नाही. हातांना जे माहीत आहे ते त्यात यावे. आमच्या भागात ते ऊस तोडण्याचा कोयता असेल, वीटभट्टीचा साचा असेल, केरसुणीचा फडाही असेल. पण महजरातल्या निशाणीसारखे माणसाला त्या हत्याराला खिळवून ठेवण्यासाठी नव्हे. कोयत्याशेजारी उघडे पुस्तक आले की त्या निशाणीचा अर्थ बदलतो. जात कोठेही नसावी, योजनेचे नाव असलेच तर बारीक आकड्यात असावे. देणाऱ्याचे नाव एका ओळीत असावे. आणि त्याच्याखाली मोकळ्या ओळी असाव्यात, जे वाचतील त्यांच्या नावांसाठी.

या मोकळ्या ओळींचा मला फार आग्रह आहे. शाळेत आम्ही वरच्या वर्गातल्या मुलांची जुनी पुस्तके घेत असू. पहिल्या पानावर एकाखाली एक चार-पाच नावे असत, प्रत्येकाने आधीचे नाव एका रेघेने खोडलेले आणि खाली आपले लिहिलेले. तेव्हा ती गरिबीची खूण वाटे. आज वाटते की फक्त खोडण्याची रेघ तेवढी चुकीची होती. नावांची यादी बरोबर होती. पुस्तक ज्यांनी ज्यांनी वाचले त्या सगळ्यांचे असते, आणि कोणाचे नाव लिहिले म्हणून कोणाचे खोडावे लागत नाही. ज्या विहारात, ज्या वसतिगृहात दहा पुस्तके आहेत तेथे या वर्षी अशी एक मुद्रा करून पाहावी. दहाव्या नावाला जागा पुरेनाशी झाली की खाली आणखी एक कागद चिकटवावा.